माहिती फुकट झाली, मग कोर्स कशाचा?

विमान हवेत कसं राहतं, हे आज कुणालाही मोबाइलला मराठीत विचारता येतं. पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या हवेच्या दाबातला फरक, इंजिनाचा जोर, विमानाचं वजन, समोरून येणारा हवेचा अडथळा, सगळं मिनिटाभरात समजावून मिळतं. वैमानिकाच्या परीक्षेची पुस्तकं विकत मिळतात, शिकवण्या ऑनलाइन चालतात, कॉकपिटमधले व्हिडिओ हवे तेवढे पाहता येतात. तरीही गोंदियापासून बाराएक किलोमीटरवर, कामठ्याजवळच्या बिरसी गावात देशाच्या निरनिराळ्या भागांतून मुलंमुली येऊन राहतात, घरच्यांचे लाखो रुपये खर्ची घालतात आणि एकाच धावपट्टीवरून पुन्हा पुन्हा उडतात, पुन्हा पुन्हा उतरतात. सगळी माहिती खिशात असताना ही मुलं बिरसीला नेमकं काय घ्यायला येतात?

ऑनलाइन कोर्स तयार करणाऱ्या प्रत्येकापुढे सध्या हाच प्रश्न आहे. मग तो टॅली शिकवणारा असो, ब्लाउजचं कटिंग शिकवणारी ताई असो, की स्पर्धा परीक्षेचे गुरुजी असोत. एआयनं त्यांचं काम सोपंही केलं आणि अवघडही. सोपं अशासाठी, की वीस धड्यांचा आराखडा, प्रत्येक धड्याचा मजकूर, चित्रं, आवाज, प्रश्नसंच हे सारं एका दुपारी तयार होतं. अवघड अशासाठी, की शेजारच्यालाही ते एका दुपारीच जमतं. शिवाय शिकणारा स्वतःच एआयला विचारू शकतो; माहितीसाठी कोर्सची फी तो का भरेल?

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये ब्रिटिशांनी बांधली. आज ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे, आणि प्राधिकरण व कॅनडाची सीएई ही कंपनी यांनी मिळून उभी केलेली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था तिथे चालते. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीची विमानंही इथून सरावासाठी उडत आली आहेत. वैमानिक घडवणं हा जगातला सर्वांत काटेकोर कोर्स म्हणता येईल. चूक झाली तर गुण जात नाहीत, जीव जातो. त्यामुळे या क्षेत्रानं शिकवण्याच्या पद्धतीवर जेवढा विचार केला आहे, तेवढा फार थोड्या क्षेत्रांनी केला असेल.

एआयचे कोर्स एकसारखे का दिसतात?

आधी एआयकडे पाहू. चॅटजीपीटीसारखी साधनं ज्यावर चालतात त्याला भाषा-प्रारूप म्हणतात. प्रचंड मजकूर वाचून या प्रारूपानं एकच गोष्ट शिकलेली असते: आतापर्यंतचे शब्द पाहता पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. एकेक शब्द असा ठरवत ते वाक्य रचतं. पुढे माणसांनी दिलेल्या पसंती-नापसंतीवरून त्याला वळण लावलं जातं, म्हणून उत्तरं नीटनेटकी आणि विनयशील वाटतात. पण पाया तोच राहतो: सर्वांनी मिळून जे सर्वाधिक लिहिलं आहे, त्याच्या आसपासचं काहीतरी.

गोंदिया हा भातगिरण्यांचा जिल्हा. दहा गावांचं धान एकाच गिरणीत ओतलं तर तांदूळ चांगला निघेल, पण त्यातला कोणता दाणा कुठल्या बांधीतला (धानाच्या वाफ्यातला), हे सांगता येणार नाही. एआयनं लिहिलेल्या धड्याचं असंच होतं. तो चुकीचा असेलच असं नाही, बहुतेकदा बरोबरच असतो. पण त्यात कुणा एकाच्या अनुभवाची चव उरलेली नसते. दहा जणांनी ‘नवशिक्यांसाठी डिजिटल मार्केटिंगचा कोर्स बनवून दे’ असं सांगितलं, तर दहाही ठिकाणी पहिला धडा ‘ओळख’, दुसरा ‘महत्त्व’ आणि शेवटचा ‘भविष्यातील संधी’ निघण्याचीच शक्यता जास्त.

काही जणांना वाटतं, आपला कोर्स मराठीत आहे एवढं वेगळेपण पुरे. दहा वर्षांपूर्वी ते पुरलं असतं. आता भाषांतर आणि डबिंगही यंत्र करतं. मराठीत असणं गरजेचं आहेच, पण तेवढ्यावर कोर्स उठून दिसणार नाही.

समजलं आणि आलं, यातलं अंतर

विमानविद्येच्या इतिहासात या अंतराची किंमत फार मोठी मोजावी लागली. अमेरिकेत 1934 मध्ये टपाल वाहून नेण्याचं काम लष्करी विमानांकडे सोपवलं गेलं. हिवाळा, धुकं, रात्रीची उड्डाणं. ढगात शिरल्यावर डोळ्यांवर विश्वास न ठेवता समोरच्या उपकरणांवर ठेवायचा, हे तत्त्व तेव्हाही माहीत होतं. पण त्याचा पुरेसा सराव नव्हता. काही आठवड्यांत अनेक वैमानिक मारले गेले. त्यानंतर लष्करानं एडविन लिंक या माणसाकडून सहा यंत्रं विकत घेतली. लिंकच्या घरचा धंदा ऑर्गन वाद्यं बनवण्याचा. ऑर्गनमधल्याच भात्यांचा आणि पंपांचा उपयोग करून त्यानं 1929 मध्ये जमिनीवरच डुलणारं, कलणारं छोटं विमान बनवलं होतं. तोवर जत्रेतलं खेळणं म्हणून पाहिलं गेलेलं हे यंत्र म्हणजे आजच्या सिम्युलेटरचं मूळ. वैमानिकांना नवं ज्ञान मिळालं नाही. त्यांना मिळाली न मरता चुकण्याची जागा.

हे फक्त हाताच्या कौशल्यालाच लागू आहे असं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, नुसतं वाचणाऱ्यांना 42 टक्के. आठवण्याचा त्रास घेतला की मेंदूत ती वाट रुळते. नुसतं वाचताना किंवा पाहताना ‘हे मला कळलंय’ अशी भावना येते, आणि ती भावना फसवी असते. छान व्हिडिओंचा कोर्स हीच फसवी भावना विकत असतो.

एआय आल्यावर ही फसगत वाढली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शाळकरी मुलांसोबत गणिताचा एक प्रयोग केला; तो 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सरावासाठी साधा एआय दिला. दुसऱ्या गटाच्या एआयला शिक्षकांनी आधीच बजावलं होतं, की उत्तर द्यायचं नाही, इशारा द्यायचा. आणि प्रत्येक गणितात मुलं कुठे चुकतात, हेही त्याला सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या गटाकडे फक्त पुस्तक. सराव करताना पहिला गट पुस्तकवाल्यांपेक्षा 48 टक्क्यांनी सरस ठरला, दुसरा तर 127 टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट पुस्तकवाल्यांपेक्षाही 17 टक्क्यांनी मागे पडला. दुसरा गट त्यांच्या बरोबरीत राहिला.

पहिल्या आणि दुसऱ्या गटाच्या हाती मूळ यंत्र एकच होतं. फरक पडला तो शिक्षकांनी पुरवलेल्या चुकांच्या यादीमुळे आणि उत्तर रोखून धरण्याच्या शिस्तीमुळे. माझ्या मते, कोर्स बनवणाऱ्याचं आजचं भांडवल हेच आहे. विषयाची माहिती एआयकडे त्याच्याहून जास्त आहे, पण त्याच्या विद्यार्थ्यांच्या चुका त्यालाच ठाऊक आहेत.

धावपट्टीवर शिकवतात कसं

वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे 200 तासांचं उड्डाण लागतं. दिशाज्ञान, हवामान, नियम, तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा वेगळ्या. त्यात 70 टक्क्यांच्या खाली गुण चालत नाहीत. पुस्तकी भाग हलका नाहीच. पण घडण होते ती एका ठरावीक चक्रात.

उड्डाणाआधी प्रशिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसतात. आज काय करायचं, कुठे चुकण्याची शक्यता आहे, चुकलं तर काय, हे बोलून घेतात. मग उड्डाण. सुरुवातीच्या दिवसांत बराच वेळ ‘सर्किट’ मारण्यात जातो: उडायचं, धावपट्टीला समांतर वळसा घ्यायचा, उतरायचं, पुन्हा उडायचं. एक फेरी काही मिनिटांची. एका तासात तीच कृती अनेकदा हातून जाते, आणि मागच्या फेरीतली चूक ताजी असतानाच पुढच्या फेरीत सुधारायला मिळते. जमिनीवर आल्यावर पुन्हा दोघं बसतात आणि काय घडलं ते उलगडतात. शेवटी प्रत्येक उड्डाणाची नोंद लॉगबुकात.

उतरण्याचंच घ्या. जमीन जवळ आली की विमानाचं नाक हळूहळू उचलून वेग मोडायचा असतो. नवशिक्याची नजर विमानाच्या नाकासमोरच्या जमिनीला चिकटते. तिथून उंचीचा अंदाज येत नाही. तो नाक फार लवकर उचलतो किंवा फार उशिरा. प्रशिक्षक सांगतो, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ने. हे वाक्य कुठल्याही पुस्तकात आहे, एआयही सांगेल. पण या क्षणी या मुलीची नजर कुठे आहे, आणि तिची चूक नजरेची आहे की हाताची, हे शेजारी बसलेल्या माणसाला दिसतं. त्यानं ते तेव्हाच्या तेव्हा सांगणं, यालाच शिकवणं म्हणायचं.

आणि एक दिवस प्रशिक्षक विमानातून उतरतो आणि विद्यार्थ्याला एकट्यानं फेरी मारायला सांगतो. याला ‘पहिलं सोलो’ म्हणतात. ते कॅलेंडरवर ठरत नाही, विद्यार्थ्याची तयारी पाहून ठरतं. कुणाला लवकर मिळतं, कुणाला उशिरा. आपल्या बहुतेक ऑनलाइन कोर्समध्ये मात्र उलटं असतं. पाचवा धडा पाहून झाला की सहावा आपोआप उघडतो, पाचवा आला का हे कुणी विचारत नाही.

बांधीतला एक धडा

समजा, बिरसीच्याच परिसरातल्या एखाद्या कृषी पदवीधराला धानावरच्या किडींचा कोर्स करायचा आहे. एआयकडून त्याला मिळेल: खोडकिडा, ओळख, जीवनक्रम, लक्षणं, उपाय. पुढचा धडा गादमाशी, तोच क्रम. त्यापुढे तुडतुडे, पुन्हा तोच क्रम. सगळं बरोबर. पण शेतकऱ्यापुढे संकट या क्रमानं येत नाही. त्याला फक्त बांधीत काहीतरी बिघडलेलं दिसतं, आणि ते कशामुळे हे ठरवायचं असतं. चूक झाली तर फवारणीचा खर्च वाया आणि पीकही हातचं जातं.

म्हणून धडा किडीपासून सुरू न करता निर्णयापासून सुरू करावा. मधला पोंगा, म्हणजे गाभ्यातलं कोवळं पान, वाळलाय. तो ओढला की सहज हातात आला, तर संशय खोडकिड्यावर. पोंग्याच्या जागी पोकळ, चंदेरी नळी निघाली असेल, तर गादमाशी. पूर्व विदर्भात तिचा त्रास नेहमीचा. आणि शेतात गोल गोल चट्टे करपल्यासारखे दिसत असतील, तर पानं तपासत बसू नका. वाकून धानाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर पाहा, तुडतुडे तिथे असतात. अनुभवी शेतकऱ्याची नजर आपोआप बुंध्याकडे जाते, नवख्याची पानावरच राहते. इथेही अर्धं शिकणं म्हणजे पाहायचं कुठे हे कळणं.

कोर्सवाल्यानं एका हंगामात आपल्या तालुक्यातल्या बांध्यांमधून असे फोटो गोळा केले, काही स्पष्ट, काही फसवे, आणि प्रत्येकासोबत लोकांनी केलेला चुकीचा अंदाजही टिपून ठेवला, तर त्याच्याकडे जे जमेल ते इंटरनेटवर कुठेच नसेल. जे लिहून ठेवलेलंच नाही, ते एआयला माहीत असण्याचं कारण नाही.

चौकट : ‘पोंगा का वाळला?’ या धड्याची मांडणी

सुरुवात एका फोटोनं. स्पष्टीकरण नाही, फक्त प्रश्न: तुम्ही काय कराल? शिकणारा उत्तर देईपर्यंत पुढे काहीच उघडत नाही.

मग चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ, बांधीतच घेतलेला, त्यात पोंगा ओढून दाखवलेला. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांच्या 2014 मधल्या अभ्यासात असं दिसलं, की सहा मिनिटांपुढे प्रेक्षक सहसा टिकत नाही.

त्यानंतर आठ-दहा फोटो, किडी मिसळून. प्रत्येक चुकीच्या उत्तराला वेगळा खुलासा: ‘तुम्ही पानाकडे पाहून ठरवलंत, बुंधा पाहा.’

घरचं काम: स्वतःच्या बांधीतला फोटो आणि आपला अंदाज व्हॉट्सॲपवर पाठवणं. शिकवणारा आवाजी निरोपातून उत्तर देतो.

आठवड्यानं, पुढचे धडे सुरू असताना, याच धड्याचे तीन फोटो पुन्हा अचानक विचारले जातात.

सोबत आणि साक्ष

आणखी दोन गोष्टी व्हिडिओत भरता येत नाहीत. पहिली सोबत. सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी 2011 मध्ये स्टॅनफर्डमधून, योगायोगानं एआयवरच, फुकट ऑनलाइन कोर्स काढला तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं. बहुतेकांनी तो अर्ध्यात सोडला. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा कोर्सची 2017-18 ची आकडेवारी पाहिली, तर नाव नोंदवणाऱ्यांपैकी तीनेक टक्केच शेवटपर्यंत गेले. मात्र पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेनं गेलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास होतं. माणसं आळशी असतात असा निष्कर्ष यातून काढू नये. ज्याची कुणी वाट पाहत नाही, असं काम मागे पडतंच.

सोबतीनं शिकण्याचा महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स संगणकावरच शिकायचा असला, तरी तो तालुक्या-तालुक्यांतल्या केंद्रांमधून पसरला. ठरलेल्या वेळी जायचं, शेजारी बसणारे ठरलेले, अडलं तर विचारायला कुणीतरी आहे. आजच्या कोर्सला इमारत नसेल, पण आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ, तिला वीस जण आणि नावानं हाक मारणारा शिकवणारा एवढं तरी हवं.

दुसरी गोष्ट साक्ष, म्हणजे शिकणाऱ्याला खरंच आलं याचा पुरावा. घरी बसून सोडवलेला प्रश्नसंच आता काहीच सिद्ध करत नाही. तो एआयनं सोडवलेला असू शकतो. बिरसीतली प्रशिक्षण संस्था स्वतःच परवाना देत नाही. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देतं, स्वतंत्र परीक्षा घेऊन. आयआयटींचा एनपीटीईएल उपक्रम पाहा: व्याख्यानं सर्वांना फुकट, पण प्रमाणपत्र हवं तर फी भरून परीक्षा केंद्रात हजर राहायचं. माहिती मोफत आणि पडताळणीला मोल, हा हिशेब त्यांनी एआयच्या आधीच मांडला होता. छोट्या कोर्सवाल्यालाही हे जमतं. शिवणाच्या कोर्सचं प्रमाणपत्र शिवलेला ब्लाउज समोर धरून, व्हिडिओ कॉलवर चार प्रश्नांची उत्तरं दिल्यावर मिळावं. इंग्रजीचं, अनोळखी माणसाशी दहा मिनिटं बोलल्यावर.

एआयला कुठे लावावं

इतकं वाचून कुणाला वाटेल, की एआयला दूर ठेवावं. मुळीच नाही. मजकुराची साफसफाई, उपशीर्षकं, एकाच प्रश्नाची पंचवीस रूपं, आवाजाचं लिखित रूपांतर, अशा कामांत तो तासन्‌तास वाचवतो. वाचलेले ते तास विद्यार्थ्यांच्या चुका तपासण्यात गेले पाहिजेत, आणखी वीस व्हिडिओ काढण्यात नव्हे. सरावाचा जोडीदार म्हणूनही तो उत्तम, पण तुर्कस्तानातल्या दुसऱ्या गटासारखा: चुकांची यादी हाताशी देऊन आणि उत्तर रोखून धरायला शिकवून. एआयचं प्रत्येक विधान मात्र स्वतः तपासायचं. शक्यतेवरून शब्द जुळवणारं यंत्र औषधाची मात्रा किंवा कायद्याचं कलमही तितक्याच ठामपणे चुकवू शकतं, आणि त्याखाली नाव तुमचं असतं.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाची एक सवय इथे उपयोगी पडेल. संगणक शिकवणारे त्यांचे छोटे धडे मराठीतही आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर ठेवून, पाहत पाहत करायचं अशी त्यांची रीत. धड्याची संहिता तयार झाली की ध्वनिमुद्रणाआधी ती एका नवख्या माणसाच्या हाती दिली जाते. तो जिथे अडेल तिथे संहिता बदलते.

कोर्स काढायचं मनात असेल, तर कॅमेरा आणि दिवे आणण्याआधी एवढं करा. ओळखीतले चार-पाच खरेखुरे शिकाऊ गाठा, त्यांना तुमचं काम प्रत्यक्ष करायला लावा, स्वतः गप्प बसा आणि ते कुठे, का चुकतात हे वहीत लिहा. पहिला धडा त्या वहीतून काढा.